शाळेचं कर्ज आणि मतदाराचा कौल

कॅलिफोर्नियात शाळेची जुनी इमारत नव्याने उभारायची, तर बहुधा आधी मतदारांचा कौल घ्यावा लागतो. तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट ही लोकनियुक्त मंडळाची स्वतंत्र संस्था असते. बांधकामासाठी ती कर्जरोखे काढते आणि मालमत्ता करावर जादा आकारणी करून ते वर्षानुवर्षं फेडते. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या राज्यभरच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला आणि रोख्यांची वाट बंद केली. १९८६ मध्ये ती पुन्हा उघडली, पण दोन तृतीयांश मतांच्या अटीवर. म्हणजे शंभरातल्या ६६ जणांनी होकार दिला तरी उरलेले ३४ जण शाळा अडवू शकत. नोव्हेंबर २००० मध्ये ‘प्रपोझिशन ३९’ने ही अट ५५ टक्क्यांवर आणली. त्या बदल्यात कामांची यादी आधी जाहीर करणं, पैसा पगारावर न खर्चणं, दरवर्षी हिशेबतपासणी आणि नागरिकांची देखरेख समिती ही बंधनं घातली.

हा सौदा रास्त आहे. पण पैसा कुठे खर्च होतो यावर जेवढा पहारा बसला, तेवढा तो फेडायचा कसा यावर बसला नाही. सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टमध्ये २००८ साली कराचा दर वाढणार नाही या हमीवर मतदारांनी मंजुरी दिली. ती हमी पाळायची म्हणून २०११ मध्ये मंडळाने साडेदहा कोटी डॉलरचं कर्ज असं घेतलं, की पहिली वीस वर्षं हप्ताच नाही. व्याज साचत जाऊन फेड जवळपास ९८ कोटींवर जाणार. २०१३ च्या कायद्याने अशा रोख्यांची एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीत आणि मुदत २५ वर्षांत बसवली. पुढे मतपत्रिकेवर कराचा दर, वार्षिक रक्कम आणि मुदत देणंही सक्तीचं झालं. तरीही व्याजासकट एकूण किती फेडायचं, हा आकडा मतपत्रिकेवरच्या प्रश्नात ठळक हवा.

कर्जाची गुंतागुंत सामान्य माणसाला कळत नाही, ती जाणकार मंडळावर सोडावी, असं काही म्हणतात. पण पोवेत निर्णय मंडळाचाच होता. ज्यांची मुलं शाळेत नाहीत त्यांनी का भरावं, हा दुसरा आक्षेप. इमारत पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते, तेव्हा तिचा भार एकाच पिढीच्या पालकांवर टाकणं न्याय्य नाही. अधिक बोचरा मुद्दा वेगळाच आहे. नागरिकत्व नसलेले घरमालक, आणि त्यांत कॅलिफोर्नियात घर घेतलेली कितीतरी मराठी कुटुंबं आली, हा कर भरतात पण मत देऊ शकत नाहीत. शिवाय घराचं करमूल्य विक्रीच्या वेळी नव्याने ठरतं आणि एरवी वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. त्यामुळे नवा खरेदीदार जुन्या शेजाऱ्यापेक्षा सहसा जास्तच भरतो. म्हणून ज्याच्या हाती मत आहे त्याची जबाबदारी दुप्पट होते. शाळेला ‘हो’ जरूर म्हणावं, पण कर्जाचा शेवटचा हप्ता कधी आणि एकूण केवढ्याला पडणार, हे विचारूनच.