आवडत्या बाईकडून काय घ्यावं?

दसऱ्याच्या दिवशी नागपुरात दीक्षाभूमीकडे निघालेल्या बायका पाहाव्यात. आज्यांपासून कॉलेजातल्या मुलींपर्यंत कितीतरी जणी पांढऱ्या साडीत असतात, कुणाच्या साडीला निळा काठ असतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा दिली, तेव्हा लोकांना पांढरे कपडे घालून यायला सांगितलं होतं. ज्या मुलखात बाईच्या अंगावरचं पांढरं लुगडं म्हटलं की वैधव्यच आठवायचं, तिथे लेकुरवाळ्या आणि नव्या सुना आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी पांढरं नेसून आल्या. कपड्यातून इतकी ठाम गोष्ट सांगितलेली नागपूरने क्वचितच पाहिली असेल.

‘स्वतःची स्टाइल कशी ठरवावी’ यावर हल्ली सल्ल्यांना तोटा नाही. नटीचा नाहीतर निवेदिकेचा फोटो मोबाइलवर दाखवून शिंप्याला ‘अगदी असंच ब्लाउज शिवा’ म्हणणाऱ्या मुली प्रत्येक गल्लीत भेटतात. जिचं कौतुक वाटतं तिच्यासारखं दिसावंसं वाटणं निरोगीच आहे. पण तिच्याकडून घ्यायचं असेल, तर आधी तिचं कारण घ्यावं. कारण कळलं की कपडा ठरवणं सोपं जातं. नुसता कपडा उचलला, तर तो दोन लग्नांत जुना होतो.

1956 च्या पांढऱ्या साडीमागे जवळपास तीस वर्षांचा विचार होता. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळं भाषण केलं. आखूड लुगडं, गळ्यातले जाड दागिने, हातभर कडी ही सगळी जातीची ओळख पटवणारी चिन्हं होती. ती टाका, इतर बायका नेसतात तशी घोट्यापर्यंत साडी नेसा, कपडे स्वच्छ ठेवा, असं त्यांनी सांगितलं, आणि बायकांनी महाडातच नेसण बदललं. विदर्भात हा विचार पुढे नेणाऱ्या बायका आपल्यातल्याच होत्या. उमरेडच्या जाईबाई चौधरींनी हमाली करत ओझी वाहिली, नंतर त्या शिक्षिका झाल्या आणि 1922 मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. जुलै 1942 मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. कुणासारखं व्हावं, याचं उत्तर शोधायला इथल्या मुलींना फार दूर जावं लागलं नाही.

कारण आणि कपडा यांची गाठ कशी पडते, हे सावित्रीबाई फुल्यांच्या एका सवयीतही दिसतं. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर वाटेत लोक त्यांच्यावर शेणमाती फेकत. त्या जास्तीची साडी जवळ ठेवत आणि शाळेत पोचल्यावर बदलून शिकवायला उभ्या राहत. वर्गात बाई नीटनेटक्या दिसल्याच पाहिजेत, हा त्यांचा हट्ट त्या दुसऱ्या साडीत आहे. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ मोठमोठ्या व्यासपीठांवर नऊवारीत, डोक्यावर पदर घेऊन आल्या. अनाथ लेकरांसाठी पदर पसरणाऱ्या माईचं तेच रूप लोकांच्या मनात राहिलं. दूर मेक्सिकोत चित्रकार फ्रिदा काहलोने तेहुआना बायकांचा पायघोळ पेहराव आपलासा केला. त्यात मातीचा अभिमान होता, आणि आजारपण व 1925 च्या बस अपघाताने जायबंदी झालेलं शरीरही त्याखाली झाकलं जाई. तिघींच्या कपड्यात साम्य नाही, पण तिघींनाही आपण असं का राहतो हे पक्कं ठाऊक होतं.

आता आपल्याकडच्या कापडाकडे वळू. नागपूर-भंडाऱ्याकडच्या विणकरांची करवती साडी हातात घेऊन नीट पाहावी. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या कोषांचं टसर अंगाला, काठाला सुती धागा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीच्या दातांची रांग. काठाचा रंग अंगात उतरू नये म्हणून तीन धोटे चालवावे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधला एक. अशी एक साडी घेतली की विणकराचं नाव-गाव विचारावं. ते सांगता येणं हीसुद्धा नेसण्याचीच एक रीत आहे.

मग स्वतःचं ठरवायचं कसं? मनातल्या दोन-तीन बायका निवडाव्यात, त्यातली एक घरातली असावी: आई, आत्या, नाहीतर शाळेतल्या बाई. ती कायम काय करायची आणि का, हे लिहून काढावं. आत्या दररोज सुतीच नेसत असेल, तर ती बसने नोकरीला जायची म्हणून, की घरी धुता यावी म्हणून? मग आपलं काम, आपला खर्च आणि आपलं ऊन तपासावं. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि दुपट्टा डोक्या-तोंडाला गुंडाळूनच गाडीला किक मारावी लागते. तिथे सिंथेटिक कापडाची हौस टिकत नाही. उरलेल्यातून एकच गोष्ट कायमची करावी: एक रंग, काठाची एक तऱ्हा, किंवा कानातल्यांचा एक जोड. बाकी बदलत राहिलं तरी चालतं.

याला पैसा फार लागत नाही. सावित्रीबाईंना दोन साड्या पुरल्या. लागतो तो विचार, आणि तो केलेला बरा, कारण आपल्याकडे बघून शिकणारी मुलगी घरात, वर्गात, ऑफिसात असतेच. उद्या तिने ‘तुम्ही नेहमी हेच का नेसता?’ असं विचारलं, तर तिला उत्तर देता आलं पाहिजे.