चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. अमेरिकेत ते चाकांवर घेऊन बारा महिने हिंडणारी हजारो माणसे आहेत. त्यांच्या गाडीला तिकडे आरव्ही म्हणतात. आपण मोटारघर म्हणू. तिच्यात निजायची जागा, चूल, मोरी, संडास असे सारे असते. काही मोटारघरे स्वतःच्या यंत्रावर चालतात, काही दुसऱ्या गाडीमागे ओढून न्यावी लागतात. मुळात ही वस्तू सुटीतल्या हौसेची. परंतु २००८ साली तेथील गृहकर्जांचा डोलारा कोसळला, पुष्कळांची घरे गेली, म्हातारपणासाठी राखलेली शिल्लक गेली, आणि कित्येकांना ही हौसेची वस्तू गरजेची झाली. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात या लोकांची हकीगत लिहिली. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले, तो आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. आपण येथे पाहणार आहोत ते मात्र निघण्यापूर्वीचे: असे राहायचे ठरवलेल्या माणसाला आधी काय काय करावे लागते?

प्रथम वजन. गाडीने सामानासकट जास्तीत जास्त किती भार घ्यावा, हे तिच्यावरच्या पट्टीवर लिहिलेले असते. घरातली माणसे मात्र ‘एवढेसे तर आहे’ म्हणत भांडी, पुस्तके, शिवणयंत्र भरत जातात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; चारशे लिटरची टाकी भरली की सहासात माणसे जादा बसवल्यासारखेच झाले. म्हणून सगळे सामान भरून मालमोटारींच्या काट्यावर गाडी तोलून घ्यावी. टायर नुसत्या डोळ्यांनी पारखू नयेत. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर नक्षी नवी दिसत असूनही आतून कुजलेला असू शकतो. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. त्यावरून त्याचे वय काढावे.

मग पाणी. मोटारघराखाली बहुधा तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, मोरीच्या पाण्याची आणि संडासाची. ऐकताना नाक मुरडू नये. ज्याने चाळीत दिवस काढले आहेत त्याला ठाऊक आहे की पाणी आणि संडास यांची सोय लागली म्हणजे निम्मे घर लागले. नवखा माणूस तळावर पोचताच संडासाच्या टाकीची झडप उघडी ठेवतो. पातळ तेवढे वाहून जाते, घट्ट तळाशी बसते आणि वाळून दगड होते. झडप बंद ठेवून टाकी भरत आली की एकदम सोडायची, आणि तिच्यामागून मोरीची टाकी सोडायची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते.

विजेचेही असेच आहे. पुष्कळ गाड्यांना ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टने गुणले की ३६०० वॅट होतात. वातानुकूलन, पाण्याचा हीटर आणि विजेची शेगडी एकाच वेळी लावली की अंधार! तळ सोडून रानात राहिले तर सारा भार बॅटरीवर आणि छतावरच्या सौरपट्ट्यांवर. साधी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरू दिली तर ती लवकर मरते. पश्चिमेकडच्या बऱ्याच सरकारी जमिनीवर फुकट मुक्काम करता येतो खरा, पण साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसच. पुढे तळ हलवावा लागतो. थंडीत नळ गोठतात, गॅसच्या ज्वलनातून निघणारी वाफ भिंतींना दव होऊन लागते, आणि खिडक्या घट्ट लावून शेगडी पेटवली तर विषारी वायू साचतो. त्याची सूचना देणारे यंत्र चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासावे.

परंतु या सर्वांहून अवघड गोष्ट म्हणजे पत्ता. घराला चाके आली तरी सरकारदरबारी माणसाला एक ठिकाण लागते. वाहन परवाना, विमा, कर, टपाल, मतदान, सारे त्यावर टांगलेले. म्हणून हे लोक टेक्सास, फ्लॉरिडा किंवा साउथ डकोटा या राज्यांत कागदोपत्री वास्तव्य घेतात. तेथे मजुरीवर राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि टपाल पुढे धाडणाऱ्या संस्थाही आहेत. साउथ डकोटात वाहन परवान्यासाठी एका रात्रीच्या मुक्कामाची पावती पुरत आली. मतदार नोंदणीसाठी मात्र २०२३ साली कायद्याने तीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली. हिंडणाऱ्याने एका जागी तीस दिवस काढायचे कसे? ज्याचे छप्पर गेले त्याचे मतही डळमळीत व्हावे, हे मला बरे वाटत नाही. आजारपणाचीही तीच गत. पासष्टीनंतर सरकारी मेडिकेअर मिळते. त्याआधीचा विमा बहुधा ठराविक प्रदेशातल्या डॉक्टरांपुरताच चालतो. पॉलिसी घेताना हे वाचून घ्यावे.

राहते घर घाईने विकू नये. मोटारघराची किंमत पहिल्या दिवसापासून उतरत जाते. आधी भाड्याची गाडी घेऊन महिनाभर, आणि तोही पावसापाण्याचा महिना, राहून पाहावे.

आणि पोट? हंगामी काम शोधत ही माणसे फिरतात. ॲमेझॉनने २००८ साली कॅम्परफोर्स नावाची योजना काढून त्यांना नाताळच्या गर्दीत गुदामांत लावले. आता ती बंद झाली आहे. शरदात मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर शुगर बीटचा हंगाम असतो, तेथे बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. बीडहून साखर कारखान्याजवळ कोपी बांधायला निघालेला ऊसतोड मजूर ज्याने पाहिला आहे त्याला हे सर्वस्वी परके वाटणार नाही. कोठे तळ सांभाळण्याचे काम मिळते, आणि त्याबद्दल पगार नव्हे, गाडी उभी करायची जागा मिळते. अशा वेळी त्या जागेचे भाडे तासांनी भागून पाहावे; आपली मजुरी काय पडली ते कळते. किती तास, काय दर, घसरून पडल्यास औषधपाणी कोणाचे, हंगाम संपल्यावर जागा किती दिवसांत सोडायची, हे सगळे लेखी हातात आल्यावरच गाडी त्या दिशेने वळवावी.