काळ्या कातळाखालचे महाकाय प्राणी

पिंपळे सौदागर येथील उंच इमारती ज्या काळ्या कातळावर उभ्या आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तयार झाला. त्याच सुमारास महाकाय डायनासोर पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्यांची हाडे लाव्हाच्या कातळात नव्हे, तर त्याखालील गाळाच्या थरांत आढळतात. हे थर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा व डोंगरगाव येथे उघडे पडले आहेत.

डोंगरगावच्या प्राण्याचे वर्णन १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पुढच्या पायाचे वरचे एकच हाड सुमारे दीड मीटर, म्हणजे सातवीतील विद्यार्थ्याच्या उंचीएवढे आहे. लांब मान, अन्न न चावता गिळण्याची सवय आणि हवेच्या पोकळ्यांमुळे हलके झालेले मणके यांमुळे एवढा देह पोसणे शक्य झाले. पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेषही सापडले. त्या काळी गवत होते, हे त्यामुळे २००५ साली जगाला कळले.

असा दगड जागेवरून हलविला की त्याच्या थराचा पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून शेतात तो आढळल्यास तेथेच राहू द्यावा व ग्रामपंचायतीने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास कळवावे, हेच हितावह होय.