प्रीमियम डिझेल

प्रीमियम डिझेल म्हणजे सर्वसाधारण डिझेलमध्ये स्वच्छक रसायने, गंजरोधक, फेसरोधक आणि काही वेळा सीटेनवर्धक मिसळून निराळ्या व्यापारी नावाने व अधिक दराने विकले जाणारे इंधन होय. भारतात करविषयक व्यवहारात त्यास ‘ब्रँडेड डिझेल’ म्हणतात. इंडियन ऑइलचे एक्स्ट्रामाईल, हिंदुस्तान पेट्रोलियमचे टर्बोजेट आणि शेलचे व्ही-पॉवर डिझेल ही त्याची परिचित नावे आहेत. पंपावर ‘हाय स्पीड डिझेल’ ही अक्षरे पाहून काही ग्राहकांचा ते प्रीमियम असल्याचा समज होतो. वस्तुतः ते साध्या डिझेलचेच अधिकृत नाव आहे. मंदगती इंजिनांसाठीच्या ‘लाइट डिझेल ऑइल’पासून ते वेगळे ओळखता यावे, एवढाच त्याचा अर्थ.

रोजच्या वापराच्या मोटारीत प्रीमियम डिझेल भरणे परवडते काय, हा प्रश्न वाहनधारकांना वारंवार पडतो. बीएस-६ प्रतीचे साधे डिझेल उपलब्ध असताना, सुस्थितीतील मोटारीला होणारा लाभ वाढीव खर्चाएवढा सहसा नसतो. त्याची कारणे इंधनाच्या रसायनात आणि काही अंशी कररचनेत आहेत.

सीटेन अंक

पेट्रोलच्या बाबतीत ९५ किंवा १०० ऑक्टेनचे इंधन वरच्या दर्जाचे मानले जाते आणि तोच विचार नकळत डिझेललाही लावला जातो. दोन्ही इंजिनांचे तत्त्व मात्र परस्परविरुद्ध आहे. पेट्रोलने ठिणगी पडण्यापूर्वी पेटू नये, ही अपेक्षा असते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. दट्ट्याने दाबलेली हवा इतकी तापते की, तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. फवारणी आणि प्रज्वलन यांमधील विलंब जितका कमी, तितका इंधनाचा सीटेन अंक अधिक. शुद्ध सीटेन या हायड्रोकार्बनला १०० अंक देऊन ही मोजपट्टी ठरविली आहे.

सीटेन अंक पुरेसा असल्यास इंजिन थंड अवस्थेत सहज सुरू होते, खडखड कमी होते आणि सुरुवातीचा पांढरा धूर घटतो. तो पुरेसा असल्यानंतर आणखी वाढविल्याने मिळणारी भर झपाट्याने कमी होत जाते. भारतीय मानकानुसार साध्या डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ असावा लागतो; युरोपातही हीच मर्यादा आहे. अमेरिकेच्या मानकात मात्र ती केवळ ४० आहे. त्यामुळे अमेरिकी वाहनचालकांना प्रीमियम डिझेलने आलेला अनुभव जसाच्या तसा भारतात लागू करता येत नाही. तेथे जी उणीव भरून काढली जाते, ती येथे मुळात नसते. दुसऱ्या बाजूने हेही नोंदविले पाहिजे की, वाहन व इंजिन उत्पादकांच्या संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या ‘वर्ल्डवाइड फ्युएल चार्टर’मध्ये सर्वोच्च प्रतींच्या डिझेलसाठी ५५ सीटेन अंक सुचविला आहे. मात्र प्रत्येक प्रीमियम डिझेलचा सीटेन अंक वाढविलेला असतोच असे नाही. काहींचा भर केवळ स्वच्छक रसायनांवर असतो.

स्वच्छक रसायने

प्रीमियम डिझेलची खरी बाजू येथे आहे. आधुनिक कॉमन रेल इंजिनांत इंधन दीड-दोन हजार बार इतक्या दाबाने, केसासारख्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. या छिद्रांत थोडेसे कार्बनचे कीट साचले, तरी फवाऱ्याचा आकार बिघडतो. शक्ती घटते आणि काजळी वाढते. स्वच्छक रसायने हे कीट साचू देत नाहीत व साचलेले काही प्रमाणात काढून टाकतात. हा परिणाम प्रयोगशाळेत सिद्ध झालेला आहे.

तो कसा सिद्ध होतो, हेही पाहण्यासारखे आहे. युरोपात रूढ असलेल्या एका प्रमाणित चाचणीत कीट लवकर साचावे म्हणून इंधनात मुद्दाम दशलक्ष भागांत एक भाग जस्त मिसळतात, इंजिन दीर्घकाळ पूर्ण भाराखाली चालवितात आणि घटलेली शक्ती मोजतात. अशा इंजिनात स्वच्छक इंधन भरल्यास गेलेली शक्ती परत येते. जाहिरातीतील ‘शक्ती वाढते’ या विधानाचा आधार बहुधा हा असतो. पण गमावलेले परत मिळणे आणि नव्याने काही मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. स्वच्छ इंजेक्टर असलेल्या नव्या मोटारीत परत मिळविण्याजोगे फारसे काही नसते. रसायनांचे प्रमाण अत्यल्प असल्याने एका लिटर डिझेलमधील ऊर्जाही तेवढीच राहते.

साध्या डिझेलमध्ये झालेली सुधारणा याहून मोठी आहे. बीएस-२ काळात डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५०० भाग होती. ती बीएस-३ मध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये १० भागांवर आली. गंधक काढताना डिझेलची नैसर्गिक वंगणक्षमता घटते. तीही मानकाने ठरविलेल्या मर्यादेत राखणे साध्या डिझेलला बंधनकारक आहे.

किंमत आणि कर

२०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानुसार साध्या डिझेलवरील मूलभूत उत्पादन शुल्क लिटरमागे १.८० रुपये, तर ब्रँडेड डिझेलवर ४.२० रुपये ठरले. म्हणजे २.४० रुपयांचा फरक रसायनांचा नसून कराचा आहे. राज्याचा मूल्यवर्धित कर टक्केवारीने आकारला जात असल्याने महाराष्ट्रासारख्या राज्यात हा फरक आणखी रुंदावतो.

उदाहरणादाखल, साधे डिझेल ९० रुपये आणि प्रीमियम ९४ रुपये लिटर धरले, तर खर्च भरून निघण्यासाठी ॲव्हरेज सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढावा लागेल. वर्षाला १५,००० किलोमीटर धावणाऱ्या व लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या मोटारीस १,००० लिटर डिझेल लागते. वाढीव खर्च ४,००० रुपये. ‘टाकी भरली आणि फरक जाणवला’ ही साक्ष येथे फारशी उपयोगी नाही. टायरमधील हवा, वातानुकूलन, रहदारी आणि चालकाचा पाय यांमुळेच ॲव्हरेज याहून अधिक बदलतो.

वापराची योग्य परिस्थिती

इंजेक्टरमध्ये कीट साचल्याची लक्षणे असलेल्या, बरीच धावलेल्या मोटारीत काही टाक्या प्रीमियम डिझेल वापरून पाहणे समर्थनीय ठरते. झिजलेला इंजेक्टर मात्र त्याने दुरुस्त होत नाही. बीएस-६ मोटारीतील काजळीची गाळणी शहरातील लहान फेऱ्यांमुळे तुंबत असेल, तर दूरवर सलग वेगाने चालवून निष्कास पुरेसा तापू देणे हाच मुख्य उपाय असतो.

विशेष डिझेल निर्विवादपणे आवश्यक ठरते ते अतिथंड प्रदेशात. तेथे डिझेलमधील मेण गोठून नळ्या तुंबतात. लडाखसारख्या भागांसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. सह्याद्रीच्या घाटांत वा विदर्भाच्या थंडीत अशी वेळ येत नाही.

सर्वसाधारण मोटारीच्या इंजेक्टरला अधिक धोका डिझेलमधील पाणी व गाळ यांपासून असतो आणि प्रीमियम डिझेलच्या टाकीतही पाणी शिरू शकते. म्हणून भरपूर विक्री असलेल्या पंपावरून इंधन घेणे, फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळेवर काढणे आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत फिल्टर बदलणे आवश्यक असते.