म्योलर : गिरणीवाल्याचे डॅनिश आडनाव

येन्सेन म्हणजे येन्सचा मुलगा, अशी वडिलांच्या नावाला ‘सेन’ जोडून झालेली आडनावे डेन्मार्कमध्ये इतकी बोकाळली आहेत, की ‘सेन’ने न संपणाऱ्या आडनावांत सर्वाधिक आढळणारे ‘म्योलर’ सहज उठून दिसते. पाणचक्की किंवा पवनचक्कीवर धान्य दळणारा, हा त्याचा अर्थ. 1828च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाला कुळनाव देण्याचा दंडक घातला आणि पुढे आडनावे पिढ्यानपिढ्या स्थिर झाली, तेव्हा गिरणीशी काडीचाही संबंध न उरलेले वंशजही म्योलरच राहिले. असंख्य येन्सेनांतून एकाला वेगळे ओळखता यावे म्हणून ते मधले नाव म्हणूनही लावले जाते.

डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द याने ‘चिंतेची संकल्पना’ हा 1844 मधील ग्रंथ ज्यांच्या स्मृतीस अर्पण केला, ते त्याचे गुरू पॉल मार्टिन म्योलर होत. इलेक्ट्रॉनांच्या परस्पर टकरीतून होणाऱ्या विखुरणालाही भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान म्योलर यांचे नाव आहे. न्हावा-शेवा बंदरातील एक कंटेनर टर्मिनल चालवणाऱ्या ‘एपीएम टर्मिनल्स’मधला ‘एम’ही म्योलरचाच, मर्स्क जहाजकंपनीचे संस्थापक आर्नोल्ड पीटर म्योलर यांचा.