गीतातील ‘मी’ कोणाचा? : ‘टॅपेस्ट्री’च्या निमित्ताने

गीत ऐकताना त्यातील ‘मी’ म्हणजे गाणारी व्यक्तीच होय, असे श्रोता सहज गृहीत धरतो; आणि गाणारी व्यक्ती स्वतः गीतकार असेल, तर या समजुतीस अधिकच बळकटी येते. ही समजूत कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार करण्यास कॅरोल किंग या अमेरिकन गायिकेचा ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम विशेष सोयीचा आहे. एका बाजूस तो आत्मनिवेदनाचा नमुना म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या बाजूस त्यातील प्रत्येक गीताचे शब्द कोणाचे, याची स्पष्ट नोंद उपलब्ध आहे.

किंग यांचा जन्म १९४२ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. गीतकार जेरी गॉफिन यांच्याशी विवाह झाल्यानंतर गॉफिन यांनी शब्द लिहावयाचे व किंग यांनी चाल बांधावयाची, अशा रीतीने या दांपत्याने इतर गायकांसाठी अनेक लोकप्रिय गीते रचली. १९६८ मध्ये ते विभक्त झाले. त्यानंतर लॉस एंजेलिस येथे राहावयास गेलेल्या किंग यांनी १९७१ च्या जानेवारीत निर्माते लू अ‍ॅडलर यांच्या देखरेखीखाली ‘टॅपेस्ट्री’चे ध्वनिमुद्रण केले. फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेला हा अल्बम अमेरिकेच्या विक्रीसूचीत सलग १५ आठवडे अग्रस्थानी राहिला. ‘इट्स टू लेट’ व ‘आय फील द अर्थ मूव्ह’ ही दोन गीते दोन बाजूंस असलेली सुटी तबकडी, म्हणजे ‘सिंगल’, पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती.

अल्बममध्ये १२ गीते आहेत. त्यांपैकी सातांचे शब्द व चाल दोन्ही एकट्या किंग यांची आहेत. तिघांच्या रचनेत गॉफिन यांचा, तर दोघांत टोनी स्टर्न या कवयित्रीचा वाटा आहे. म्हणजेच पाच गीतांतील ‘मी’ हा शब्द, गाणाऱ्या व्यक्तीच्या मुखी असला तरी, दुसऱ्याच्या लेखणीतून उतरलेला आहे.

भाषाशास्त्रात ‘मी’, ‘तू’, ‘येथे’, ‘उद्या’ या शब्दांचा एक वेगळा वर्ग मानतात. ‘झाड’ या शब्दाचा अर्थ बोलणारा बदलला म्हणून बदलत नाही. ‘मी’ कोणास लागू पडतो, हे मात्र बोलणारा कोण यावरच ठरते. येस्पर्सन यांनी १९२२ मध्ये अशा शब्दांस ‘शिफ्टर’ म्हटले, आणि याकबसन यांनी १९५७ मधील आपल्या निबंधात या संज्ञेचा अधिक काटेकोर विचार केला. गीतात अशा शब्दांची स्थिती आणखी गुंतागुंतीची होते. कारण तेथे लिहिणारा, गाणारा आणि गीतात बोलणारा अशा तीन व्यक्ती संभवतात.

‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गीत याचे उत्तम उदाहरण होय. १९६० मध्ये शिरेल्स या तरुण मुलींच्या गायकवृंदाने ते प्रथम गाजविले. प्रेमाच्या स्थैर्याविषयी शंका विचारणारी त्यातील स्त्री गॉफिन या पुरुषाने शब्दबद्ध केली होती. स्त्रीमुखाने बोलणारे शाहीर लावणीच्या अभ्यासकास परिचित असल्यामुळे त्यास यात नवल वाटणार नाही. ‘टॅपेस्ट्री’त हेच गीत किंग यांनी संथ लयीत गाइले आहे. शिरेल्सच्या गायनात ‘उद्या’ म्हणजे उजाडणारी सकाळ वाटते. वयाच्या २८ व्या वर्षी, विवाहविच्छेद अनुभवलेल्या गायिकेच्या मुखी तोच ‘उद्या’ पुढच्या सर्व आयुष्यावर पसरतो. वेगळे काय झाले? शब्द नव्हेत, उच्चारणारी व्यक्ती व उच्चाराचा प्रसंग.

‘इट्स टू लेट’ची गोष्ट याहून उद्बोधक आहे. संपत आलेल्या संबंधाची शांत कबुली देणारे हे गीत किंग यांच्या स्वतःच्या आयुष्याचा उद्गार म्हणून ऐकण्याचा मोह होतो. परंतु त्याचे शब्द स्टर्न यांचे आहेत.

‘यू’व्ह गॉट अ फ्रेंड’चे शब्द व चाल मात्र किंग यांचीच. तरीही त्याच वर्षी जेम्स टेलर यांनी ते गाइले व त्यांची तबकडीही पहिल्या क्रमांकावर पोहोचली. स्त्रीने लिहिलेले गीत पुरुषाने गाताना ‘मी’चे लिंग बदलावे लागले नाही, कारण इंग्रजी क्रियापदात ते उमटतच नाही, ‘फ्रेंड’ हा शब्दही उभयलिंगी आहे. मराठी अनुवादकास मात्र ‘मित्र’ की ‘मैत्रीण’, ‘येतो’ की ‘येते’, याचा निर्णय पहिल्याच पावलास करावा लागेल. ‘येईन’ अशा भविष्यकाळी रूपांचा आश्रय घेतला, तरच काही अंशी सुटका होईल. जी संदिग्धता इंग्रजीत व्याकरणाकडून आयती मिळते, ती मराठीत प्रयत्नाने साधावी लागते.

१९७२ च्या ग्रॅमी पारितोषिकांनी हा भेद आपल्या परीने मान्य केला. ध्वनिमुद्रणाचे पारितोषिक ‘इट्स टू लेट’ला, तर गीतरचनेचे पारितोषिक ‘यू’व्ह गॉट अ फ्रेंड’साठी किंग यांना मिळाले. गाणे आणि रचणे ही दोन स्वतंत्र कार्ये होत, हेच त्यातून सूचित होते.

यावरून ‘टॅपेस्ट्री’तील जिव्हाळा खोटा ठरतो, असे मात्र नव्हे. तो सिद्ध कसा होतो, एवढाच प्रश्न आहे. गाणारी व्यक्ती ‘मी’चा उच्चार करते, तेव्हा त्या उच्चारापुरती ती त्या शब्दाची धनी होते, शब्द मुळात कोणी लिहिले, याने त्या धनीपणास बाध येत नाही. उलट, स्त्रीने गाइलेले प्रत्येक ‘मी’ तिचे आत्मचरित्र मानले, तर स्टर्न यांचे लेखन दृष्टीआड होते आणि किंग यांची कारागिरी केवळ कबुलीजबाब ठरते. दोघींवरही तो अन्याय होय. म्हणून गीताच्या अभ्यासकाने ‘हा मी कोण?’ असे विचारण्यापूर्वी ‘हा मी कोणी लिहिला, आणि कोण, कोणत्या प्रसंगी उच्चारीत आहे?’ हे विचारणे अगत्याचे आहे.