टोपणनावाआडचा लेफ्टनंट

पालघरच्या पाचबत्ती चौकातील हुतात्मा स्तंभ आम्हा माहीम-केळव्याच्या लोकांच्या डोळ्यांना इतका सवयीचा झाला आहे की, त्यामागची पाच नावे सलग सांगा म्हटले तर आमच्यापैकी बरेच जण अडखळतील. मागे वर्गात मी हा प्रयोग केला, तेव्हा विद्यार्थी तर अडखळलेच, पण क्षणभर मीही अडखळलो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर चालून गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकूर मोरे आणि पालघरचेच रामप्रसाद तिवारी हे पाच जण बळी पडले. त्यांच्या आडनावांवरून जात ओळखावी, गावावरून धंदा ओळखावा, अशी ही माणसे. ती आपापल्या खऱ्या नावानिशी गेली आणि त्याच नावांनी स्मरणात राहिली.

नेमक्या त्याच आठवड्यांत वॉर्साच्या ज्यू वस्तीतून आगगाड्या त्रेब्लिंकाकडे सुटत होत्या. २२ जुलैपासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे अडीच लाख माणसे अशी नेली गेली. यांपैकी एका गाडीतून स्तानिस्लाव आरोन्सोन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा निसटला. जन्म १९२५चा, बालपण वूज या गिरणगावातले. पुढे तो पोलंडच्या भूमिगत 'स्वदेश सेने'च्या घातपाती शाखेत, केदिवमध्ये, दाखल झाला आणि तेथे अधिकारपदापर्यंत पोहोचला. सोबती त्याला 'रिसिएक' म्हणत. टोपणनाव तर त्या सेनेत सर्वांनाच असे, पण इतरांचे टोपणनाव जर्मनांपासून लपण्यासाठी होते. ज्यूला मात्र शेजाऱ्यापासूनही लपावे लागे, कारण एका नजरेने वा एका चुकीच्या उच्चाराने त्याचा सौदा होऊ शकत असे. त्या सेनेच्या प्रतिज्ञेच्या प्रचलित मजकुरात मेरीमातेचे नाव होते, हेही लक्षात घ्यावे.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साचा उठाव सुरू झाला. त्याच दिवशी त्याच्या तुकडीने स्तावकी रस्त्यावरील कोठारे ताब्यात घेतली आणि तेथे राबविल्या जाणाऱ्या सुमारे पन्नास ज्यू कैद्यांना मुक्त केले. दोन वर्षांपूर्वी त्रेब्लिंकाच्या गाड्या सुटत त्या याच परिसरातून! सुटलेल्यांपैकी काही जण लगोलग लढ्यात उतरले. (आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, तारखेच्या या योगायोगाला अर्थ नाही, पण लक्षात राहायला तो बरा.)

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितलीच पाहिजे. या भूमिगत चळवळीतील काही गटांनी ज्यूंना दारे बंद केली. काही ठिकाणी जंगलात लपलेल्यांचे प्राणही घेतले गेले. आरोन्सोनचे उदाहरण दाखवून ते झाकता येत नाही. तसेच त्या घटना दाखवून आरोन्सोनलाही पुसता येत नाही. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू लिहाव्या लागतात, एवढे आमच्या शास्त्राने आम्हाला शिकविले आहे.

आणि पालघरचा गोळीबार व त्रेब्लिंका यांना एका तागडीत घालण्याचा अविचारही कोणी करू नये. ब्रिटिशांची गोळी मोर्चावर सुटली, ती अमुक जन्माचा म्हणून कोणाला हुडकीत आली नाही.

आपल्या कोकणातही ज्यू आहेत. अलिबागकडचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल लोक. किहीमचे ते किहीमकर, एरुळचे ते एरुळकर, असे त्यांनी गावाचे नाव आडनावात मिरविले. त्याच समाजातले बेंजामिन सॅमसन १९६५च्या युद्धात आपल्या नौदलाच्या ताफ्याचे प्रमुख होते; पुढे ते व्हाइस ॲडमिरल झाले. या पदावर बसताना नाव बदलण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला नाही. आरोन्सोन पुढे पॅलेस्टाइनला गेला, १९४८च्या युद्धात लढला आणि इस्रायलच्या सैन्यात लेफ्टनंट कर्नल झाला. जन्मभूमीसाठी बंदूक धरली ती मात्र त्याने उसन्या नावाने.

यंदा १४ ऑगस्टला पाचबत्तीवर पाच नावे वाचली जातील, तेव्हा माझ्या वर्गातली मुले तेथे असतील. पाचही नावे, गावांसह, त्यांनी आता पाठ केली आहेत.